शिंग दिसलं म्हणजे गेंड्या नव्हे: पुण्यातले दोन काळे भुंगे ओळखताना

पावसाने जोर धरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोटो ठरलेले असतात. एक तुंबलेल्या पार्किंगचा, दुसरा जिन्यातल्या दिव्याखाली उताणा पडून पाय झाडणाऱ्या काळ्या भुंग्याचा. भुंग्याला शिंग असतं. मग कुणीतरी लिहितं, ‘राइनो बीटल आहे, नारळ खातो, मारा.’ दुसरं कुणी लिहितं, ‘शेणातला किडा आहे, शेतकऱ्याचा मित्र, सोडून द्या.’ वाद रात्री अकरापर्यंत चालतो आणि तोवर भुंगा सरळ होऊन उडून गेलेला असतो.

दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं. पुण्यात पावसाळी रात्री दिव्यावर येणारे जाडजूड, काळे, शिंगवाले भुंगे एकाच जातीचे नसतात. त्यातले दोन नेहमी भेटणारे म्हणजे गेंड्या भुंगा आणि मोठा शेणभुंगा. नवख्या माणसाने भुंग्यांचा नाद लावून घ्यायचा असेल तर मी याच जोडीपासून सुरुवात करायला सांगतो. दिसायला सारखे, राहायला वेगळे, खायला त्याहून वेगळे. शिंगावरून ओळखायला गेलात की फसगत ठरलेली. भुंगा राहतो कुठे आणि खातो काय इथून सुरुवात केली तर पुढचं सगळं सोपं जातं, कारण त्याचं डोकं, जबडा, पाय हे सगळं त्या खाण्याच्या सोयीनेच घडलेलं असतं.

आधी दोघांची नावं

गेंड्या भुंग्याचं शास्त्रीय नाव ओरिक्टीस रायनोसेरस. नारळाच्या बागायतदारांना तो चांगलाच माहीत आहे, आणि कोकणात त्याचं नाव काढलं तर कपाळाला आठ्या पडतात. लांबी साधारण साडेतीन ते पाच सेंटीमीटर, रंग काळा किंवा गडद तपकिरी, अंगाला चकाकी.

मोठा शेणभुंगा म्हणजे कॅथार्सियस मोलोसस. लांबी अडीच ते चार सेंटीमीटर, रंग काळाकुट्ट, पाठ काहीशी मंद, पंखांवर बारीक उभ्या रेघा. म्हणजे लहानसा गेंड्या आणि मोठासा शेणभुंगा एकाच मापाचे निघतात. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ साली दोघांची नोंद केली तेव्हा दोघांनाही स्कॅरॅबियस या एकाच नावाखाली बसवलं होतं. आजही दोघं एकाच कुळात मोडतात, फक्त त्यांची उपकुळं वेगळी आहेत. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचा गोंधळ झाला तर फार हसू नका.

एक सावधगिरी आत्ताच सांगून ठेवतो. कॅथार्सियसच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या आणखीही जाती आपल्याकडे आहेत. फोटोवरून मोलोसस असं छातीठोकपणे लिहू नका, कॅथार्सियस एवढं लिहिलं तरी भरपूर झालं.

पायरी १ : काय बरोबर घ्यायचं, कधी निघायचं

सामान फार नको. चांगली टॉर्च, सहा इंची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा, जुना चमचा किंवा छोटं खुरपं, रबरी हातमोजे, वही आणि पेन्सिल. पेन पावसात दगा देतं. भिंग शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतं. महागड्या कॅमेऱ्याची घाई करू नका, मोबाइलच्या लेन्सवर भिंग धरून काढलेला फोटो ओळखीला पुरतो.

पायात बंद बूट हवेत. टेकडीवर दगडांच्या आडोशाला फुरसं असू शकतं, आणि खताच्या खड्ड्यात विंचू निघणं नवलाचं नाही. कुठल्याही भोकात बोट घालायचं नाही, मग ते भोक कितीही भुंग्याचं वाटो.

हंगाम म्हणाल तर वळवाच्या सरींनंतर हालचाल सुरू होते आणि जून ते सप्टेंबर ती जोरात असते. कोरड्या, तापलेल्या मुरमात शेणभुंग्याला बीळ खणता येत नाही, आणि उन्हात शेणही तासाभरात वरून पापुद्रा धरतं. पाऊस पडला की जमीन मऊ होते, शेण ओलं राहतं, त्याचं दुकान उघडतं. दोघंही निशाचर, त्यामुळे खरी वेळ अंधार पडल्यानंतरची. पण टेकडीवर रात्री एकट्याने जाऊ नये, आणि जायची गरजही नाही. रात्री जे घडलं त्याच्या खुणा सकाळी वाचता येतात.

पायरी २ : शेणभुंग्याचा माग

वेताळ टेकडी, तळजाई, पाषाणची टेकडी, किंवा सिंहगड-पानशेतच्या बाजूची गावं. जिथे अजून गुरं चरायला येतात तिथे जा. गुराख्याला विचारणं हा सगळ्यात जवळचा रस्ता. ‘मामा, काल म्हशी कुठल्या अंगाला होत्या?’ एवढं विचारलं की ते आधी तुमच्याकडे नीट बघतात, मग हाताने दिशा दाखवतात. का विचारता हे सांगितलंत तर आणखी बघतात.

आता शेणाचा पो शोधा. अगदी ताजा नको, वाळून गोवरीसारखा झालेलाही नको. आदल्या संध्याकाळचा उत्तम. उचलू नका, आधी बाजूने बघा. मोठा शेणभुंगा येऊन गेला असेल तर पोच्या कडेला, कधी थेट त्याच्या खालून, वर फेकलेल्या मातीचा ढीग दिसेल. माती ताजी, ओलसर, भोवतालच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची असते, कारण ती खालच्या थरातली असते. वरवर तांबूस माती आणि खाली पिवळट मुरूम असेल तर ढीग लगेच नजरेत भरतो. पोचा वरचा पापुद्रा शाबूत आणि आतून तो पोकळ झालेला, असंही दिसतं. काठीने हलकेच उचलला तर खाली बोट जाईल एवढं बिळाचं तोंड सापडतं.

इथे नवख्यांचा एक हमखास अपेक्षाभंग होतो. शेणभुंगा म्हटलं की डोळ्यापुढे येतो तो मागच्या पायांनी गोळी ढकलत नेणारा. तसे भुंगे आपल्याकडे आहेत, दिवसाउजेडी दिसतातही, पण आपला हा मोठा काळा गोळी ढकलत नाही. शेणावर जगणाऱ्या भुंग्यांच्या तीन तऱ्हा आहेत: गोळी करून लांब नेणारे, शेणाखालीच बीळ करून माल खाली ओढणारे, आणि शेणातच संसार मांडणारे. कॅथार्सियस दुसऱ्या तऱ्हेतला. त्याचं सगळं काम जमिनीखाली, म्हणून त्याला बघायचं तर त्याची माती वाचायला शिकावं लागतं.

पो उचकल्यावर नखाएवढे, कधी तांदळाएवढे भुंगे इकडेतिकडे पळताना दिसतील. ती मोठ्याची पिल्लं नव्हेत. भुंगा एकदा भुंगा झाला की वाढत नाही, ती वेगळ्याच जातींची पूर्ण वाढलेली मंडळी असतात. हा गैरसमज इतका पक्का असतो की मी तो प्रत्येक नव्या माणसाशी पहिल्याच सकाळी मिटवून टाकतो.

गुरं न येणाऱ्या भागात राहत असाल तर छोटा प्रयोग करता येतो. पुण्यात अजून गोठे आहेत. तिथून बादलीभर ताजं म्हशीचं शेण आणा आणि ओळखीच्या कुणाच्या शेतात किंवा मोकळ्या प्लॉटवर, मालकाला विचारून, अर्धा-अर्धा किलोचे गोळे थोड्या थोड्या अंतरावर ठेवा. एक उघड्यावर, एक झाडाखाली, एक कडक वाटेवर. दुसऱ्या दिवशी कुठला गोळा कितपत संपला ते बघा. म्हैस, गाय, शेळी यांचं शेण आणि लेंड्या शेजारी ठेवून बघितलंत तर गिऱ्हाईक बदलतं हेही कळेल. एकच अट: गुरांना नुकतंच जंताचं औषध दिलेलं नाही याची गोठ्यात चौकशी करा. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि त्यात भुंग्यांच्या अळ्या मरतात. शेण दिसायला तेच असतं, पण तुम्ही विष वाढून ठेवलेलं असतं.

पायरी ३ : गेंड्याचं खाणं शेंड्यावर, बाळंतपण खड्ड्यात

गेंड्या टेकडीवर शोधू नका. तो तुमच्या सोसायटीत असण्याची शक्यता जास्त. त्याला दोन गोष्टी लागतात: नारळ, खजूर, बॉटल पाम असं ताड-माडाच्या जातीचं झाड, आणि जवळपास कुजणारा पालापाचोळा, शेणखत किंवा पडलेलं जुनं खोड. पुण्यातल्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत ही दोन्ही एकाच कुंपणात सापडतात. प्रवेशद्वाराशी शोभेचे पाम आणि मागच्या बाजूला ओल्या कचऱ्याचा खड्डा. गेंड्याला आणखी काय हवं?

आधी वर बघा. माडाच्या एखाद्या झावळीच्या पात्या दोन्ही बाजूंनी सारख्याच, कात्रीने तिरप्या कापल्यासारख्या दिसतात का? तसं असेल तर गेंड्या येऊन गेला. झावळी उघडल्यावर त्याने एकेक पाती कुरतडलेली नसते. तो शेंड्याजवळ, देठाच्या बेचक्यातून आत शिरतो आणि अजून न उघडलेल्या, घट्ट मिटलेल्या कोंबातून आरपार भोक पाडतो. तो कोंब नंतर उलगडतो तेव्हा एकाच भोकाची नक्षी दोन्हीकडे उमटते, गणपतीत आपण पताकेच्या कागदाला घडी घालून एकदाच कात्री मारतो तशी. म्हणजे तुम्ही आज बघताय तो कापलेला भाग आज कापलेला नाही. भुंगा केव्हाच निघून गेलेला असतो, तेव्हा त्या झावळीवर औषध मारून काही साधत नाही. ताजा हल्ला ओळखायचा तर शेंड्याजवळच्या भोकातून बाहेर आलेला, चघळलेल्या काथ्यासारखा भुसा शोधा. गेंड्या आतला कोवळा गाभा चावतो, रस पितो आणि चोथा बाहेर ढकलतो.

आता खाली बघा. माळीमामांना विचारूनच खड्ड्याला हात लावा. ‘मामा, कोपऱ्यातलं जुनं खत जरा उकरू का?’ म्हटलं तर बहुतेक ‘उकरा की, तेवढंच माझं काम हलकं’ असं उत्तर येतं. वरचा ताजा थर बाजूला करून खालचं काळं, मऊ, अर्धवट कुजलेलं खत चमच्याने उकरा. पांढऱ्या, जाड, अर्धवर्तुळात वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या निघतील. पुण्याकडे अशी कुठलीही अळी दिसली की लोक ‘हुमणी’, म्हणजे पिकांच्या मुळ्या खाणारी अळी, म्हणतात आणि ठेचतात. जरा थांबा.

खताच्या खड्ड्यात गेंड्याबरोबर फुलभुंग्यांच्याही अळ्या असतात. त्या कुजकंच खातात, खत बनवायला मदत करतात, आणि त्यांच्यापासून माडाला धोका नाही. दोन्ही वेगळ्या करायची युक्ती मला या सगळ्या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अळी गुळगुळीत, सपाट जागेवर ठेवा, फरशी चालेल, आणि हात मागे घ्या. काही क्षण ती निपचित पडून राहील. मग फुलभुंग्याची अळी उताणी होईल, सहाही पाय आभाळाकडे करील आणि पाठीवरच्या कडक केसांच्या आधाराने, लाटा सोडत, पाठीवरून सरळ चालू लागेल. तिला पाय आहेत पण ती ते वापरत नाही. गेंड्याची अळी असलं काही करत नाही. ती कुशीवर वळून पडते, पाय रोवायला बघते, खरडत सरकते. आकारही तिचा मोठा, पूर्ण वाढलेली अळी सहा सेंटीमीटरच्या वर जाते, आणि खाल्लेल्या खतामुळे तिचं शेपटाकडचं पोट कातडीतून निळसर-राखाडी दिसतं. मुलांना ही परीक्षा एकदा दाखवा, पुढच्या वेळी सोसायटीत अळी ठेचण्याआधी तीच थांबवतील.

पायरी ४ : भुंगा हातात आला की

दोघंही विषारी नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात छातीच्या दोन्ही बाजू धरून उचला. पायांचे काटे टोचतात तेवढे सोसायचे. गेंड्या पकडला की पोट पंखांच्या कडेवर घासून चिरचिर आवाज काढतो, घाबरून सोडू नका. शेणभुंगा धरलात तर नंतर साबणाने हात धुवा, हे वेगळं सांगायला नको.

शिंगाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. पहिली नजर पाठीवर, दोन कडक पंख जिथे छातीला भिडतात त्या मधल्या बिंदूवर. तिथे छोटा, स्पष्ट त्रिकोण दिसला तर तो गेंड्या. त्रिकोण नाही, दोन्ही पंखांची शिवण थेट छातीपर्यंत गेली आहे, तर शेणभुंगा. ही खूण नर-मादी, लहान-मोठा, कुणालाही लागू पडते आणि ग्रुपवर आलेल्या अर्धवट फोटोतही बहुतेकदा दिसते. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी रात्रीचा वाद पाच मिनिटांत मिटेल.

मग डोकं. शेणभुंग्याच्या डोक्याचा पुढचा भाग रुंद, चपटा आणि अर्धगोल असतो, तोंड त्याच्या खाली पूर्ण झाकलेलं. त्याने तो माती आणि शेण उपसतो. गेंड्याचं डोकं अंगाच्या मानाने लहान, आणि समोरून बघितलं तर जबडे बाहेर डोकावतात. माडाचा गाभा चावायचा म्हणजे तसेच हवेत.

भिंग असेल तर मागच्या पायाच्या नडगीचं टोक बघा. तिथे हलणारा काटा असतो: शेणभुंग्याला एक, गेंड्याला दोन. शेणभुंगा उलटा केलात तर पोटाखाली, पायांच्या सांध्यांत बारीक तपकिरी ठिपके पळताना दिसतील. ते कोळीवर्गातले सूक्ष्म जीव, माइट. ते भुंग्याला चावत नाहीत, त्याच्या अंगावर बसून पुढच्या पोपर्यंत फुकट प्रवास करतात आणि तिथे उतरून माश्यांची अंडी आणि बारीकसारीक जीव खातात. मी तर आधी भुंगा बाजूला ठेवून हेच बघत बसतो.

आता शिंग. शेणभुंग्याच्या नराला ठळक शिंग, मादीला नुसता आखूड उंचवटा. गेंड्यात मात्र नर-मादी दोघांनाही शिंग असतं, नराचं बहुधा लांब, पण लहान नर आणि मोठी मादी यांची शिंगं सारखी निघतात. अळीला खायला कसं मिळालं त्यावर शिंगाची लांबी ठरते, त्यामुळे ती भरवशाची खूण नाही. गेंड्याची मादी ओळखायची तर उलटी करून पोटाचं टोक बघा. तिथे तांबूस केसांचा दाट झुपका असेल तर मादी, टोक जवळजवळ गुळगुळीत असेल तर नर.

पायरी ५ : दोघांच्या पानात काय वाढलंय

तुलना खरी इथे सुरू होते. ‘हा शेण खातो, तो नारळ खातो’ एवढ्यावर थांबलात तर अर्धीच गोष्ट कळली. भुंग्याची तुलना करताना दोन वयं बघायची: अळी आणि प्रौढ.

गेंड्याच्या घरात दोन वेगळ्या चुली आहेत. प्रौढ भुंगा जिवंत माडाच्या कोवळ्या गाभ्यावर जगतो. अळी जिवंत झाडाला तोंडही लावत नाही, तिला कुजलेलं लागतं: खत, शेणखताचा उकिरडा, पडलेलं माडाचं खोड. म्हणून आई-बाप शेंड्यावर आणि पोरं खड्ड्यात, दोघांची गाठच पडत नाही. मादी कुजक्यात अंडी घालून निघून जाते. अंडी आठ ते बारा दिवसांत फुटतात, अळी काही महिने खात राहते, मग कोष, मग भुंगा. आयुष्यभरात ती पन्नासच्या वर अंडी घालते आणि त्यातलं कोण जगलं कोण मेलं याची तिला पर्वा नसते.

शेणभुंग्याकडे चूल एकच, पण वाढणी वेगळी. प्रौढ भुंग्याचे जबडे मऊ, पातळ असतात. त्याला शेणातला काडीकचरा चावता येत नाही. तो शेणाचा रस आणि त्यातले अतिसूक्ष्म कण, जिवाणूंसकट, गाळून घेतो. काड्या, तंतू, गवताचा चोथा उरतो तो अळीसाठी. तिचे जबडे भक्कम असतात आणि ती तोच चोथा चावते. म्हशीने एकदा खाल्लेलं गवत असं आणखी दोन तोंडांत जातं.

आणि त्या अळीचं घर बघण्यासारखं आहे. बिळाच्या तळाशी, नर-मादीने खाली ओढून आणलेल्या शेणाचे गोळे केले जातात, प्रत्येक गोळ्यात एकच अंडं, वरून मातीचं लिंपण. अळी आतून गोळा खात वाढते. तिच्या पाठीला कुबड असतं, त्याच्या आधाराने ती आतल्या आत गोल फिरते. गोळ्याला तडा गेला, हवा आत यायला लागली, तर ती स्वतःच्या विष्ठेने तो तडा आतून लिंपून टाकते. पोटात तेच, भिंतीला तेच. असं घर बांधायला वेळ आणि मेहनत लागते, म्हणून शेणभुंग्याची अंडी मोजकी. गेंड्यासारखी उधळपट्टी त्याला परवडत नाही.

हे कळलं की माणसाच्या बाजूचे प्रश्नही सुटतात. गेंड्याचा बंदोबस्त शेंड्यावर औषध मारून होत नाही, तो खड्ड्यात करायचा असतो. खत वरचेवर उलटंपालटं करणं, अळ्या वेचणं, पडलेली खोडं हलवणं, अळ्यांना मारणारी मेटारायझियम नावाची बुरशी खतात मिसळणं. शेंड्याच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू घालतात ती भुंग्याला शिरू न देण्यासाठी, आणि भुंग्यांना वासाने ओढणारे कामगंध सापळे आलेले भुंगे पकडण्यासाठी. शेणभुंग्याचा बंदोबस्त वगैरे काही करायचा नसतो, त्याला ताजं, औषध नसलेलं शेण आणि न तुडवलेली जमीन मिळू द्यायची.

खाण्याची ही नड किती पक्की असते त्याची दोन उदाहरणं जगाने पाहिली आहेत. ऑस्ट्रेलियात १७८८ साली युरोपीय लोक गुरं घेऊन उतरले. तिथले शेणभुंगे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, गाईचा ओला पो त्यांच्या कामाचा नव्हता. शेण कुरणांवर तसंच पडून राहू लागलं, त्यावर माश्या माजल्या. शेवटी १९६० च्या दशकात जॉर्ज बोर्नेमिझा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बाहेरून शेणभुंगे मुद्दाम नेऊन तिथे सोडावे लागले. गेंड्याचा प्रवास मात्र कुणी ठरवून घडवला नाही. १९०९ साली श्रीलंकेहून सामोआला रबराची रोपं गेली, त्या रोपांच्या मातीतून तो गेला आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे माड धोक्यात आले. १९६३ मध्ये आलोइस हुगर या शास्त्रज्ञाला मलेशियात गेंड्याच्या अळ्यांना मारणारा विषाणू सापडला आणि तो पुढे सामोआत सोडला गेला, तेव्हा कुठे आवर बसला. बाहेरगावाहून शेणखत किंवा पाम मागवताना सोसायटीच्या समितीला ही हकिगत ऐकवा. ऐकतीलच असं नाही.

पायरी ६ : वहीत काय लिहायचं

नुसता फोटो म्हणजे नोंद नव्हे. तारीख, वेळ, जागा, आदल्या रात्री पाऊस होता की नाही, भुंगा दिव्यावर आला की शेणात, खतात, शेंड्यावर सापडला, लांबी मिलिमीटरमध्ये, आणि त्रिकोण आहे की नाही. दिव्यावर आलेल्या भुंग्यापुढे ‘दिवा’ असंच लिहा, ‘अधिवास: पार्किंग’ असं लिहू नका. दिवा हे त्याचं घर नव्हे, तो तिथे भरकटून आलेला असतो. तुलनेच्या कामाला शेणात, खतात किंवा शेंड्यावर सापडलेल्या भुंग्याची एक नोंद दिव्यावरच्या ढीगभर नोंदींपेक्षा मोलाची.

फोटो चार काढा: वरून पाठ, समोरून डोकं, कुशीवरून, आणि उलटा करून पोट. पट्टी शेजारी ठेवा. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकलात तर जाणकार मंडळी नाव सुचवतात, पण ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून मान्य करू नका, आधी त्रिकोण तपासा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, भुंग्यांचा नाद पुढे गंभीर झाला तर ते नाव माहीत असू द्या.

वनखात्याच्या हद्दीत काहीही उचलून आणायचं नाही, टेकड्यांचा बराच भाग त्यांच्याकडे आहे. शेणभुंग्याचं बीळ खणून गोळे बघायचा मोह होतो, तो आवरा. उघडा पडलेला गोळा वाळतो आणि आतली अळी मरते. बघायचंच असेल तर आपल्या प्रयोगाच्या प्लॉटवर, हंगामात एखादं बीळ, आणि गोळे पुन्हा तसेच मातीत दाबून ठेवा.

डब्यात ठेवलेला शेणभुंगा फोटो झाले की जिथे सापडला तिथेच, पोच्या शेजारी सोडा. दिव्यावर सापडलेला असेल तर अंधारात, मातीवर, पालथा ठेवा म्हणजे त्याचा तो जाईल. गेंड्या सोडायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. सोसायटीत माड असतील तर माळीमामा तो तुमच्यासाठी शिल्लक ठेवत नाहीत.